फुफ्फुसाच्या गाठीला सुई आणि त्यानंतरची पहिली रात्र

फुफ्फुसातल्या गाठीची बायोप्सी, म्हणजे छातीतून सुई घालून गाठीचा तुकडा काढणं, ठरली की सहीसाठी एक कागद पुढे येतो. त्यावर एक ओळ हमखास असते: 'फुफ्फुसातून हवा गळू शकते, छातीत नळी टाकावी लागू शकते.' ही ओळ वाचून काही घरची मंडळी पेशंटला उठवून थेट गावी नेतात आणि गाठ दुप्पट झाल्यावर परत येतात. काही जण न वाचताच सही करतात, दुपारी बायोप्सी उरकतात आणि संध्याकाळची एसटी धरतात. दोन्हींत नुकसान पेशंटचंच.

हवा गळणं या तपासणीत नेहमीचं आहे. हॉस्पिटलात असताना लक्षात आलं तर बहुतेक वेळा ते निभावतं, पुष्कळदा काही न करताच. पेशंट जिवाला मुकू शकतो तो अंतरामुळे. नागपुरात दहा मिनिटांत सुटणारा प्रश्न गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीच्या वाटेवर, रात्री अकरा वाजता, एक्स-रे नसलेल्या दवाखान्यात फार मोठा होतो. म्हणून विदर्भातल्या खेड्यांतल्या माणसांनी ही तपासणी नीट समजून घ्यायला हवी.

गाठ दिसली म्हणजे लगेच सुई का?

सीटी स्कॅनमध्ये 3 सेंटीमीटरपर्यंतचा गोलसर डाग दिसला तर रिपोर्टमध्ये 'नोड्यूल' लिहितात, त्याहून मोठा असला तर 'मास'. आपण दोन्हींना गाठच म्हणू. 6 मिलिमीटरपेक्षा लहान गाठीला सहसा कोणी सुई लावत नाही. 6 ते 8 मिलिमीटरची असेल तर काही महिन्यांनी पुन्हा सीटी काढून ती वाढते का ते बघतात. जुनी, पूर्ण चुन्यासारखी घट्ट झालेली गाठ बहुधा बरा झालेला टीबी असतो, तिच्याही वाटेला जात नाहीत. सुईचा विचार होतो तो 8 मिलिमीटरच्या वरच्या, वाढणाऱ्या किंवा कडा काटेरी असलेल्या गाठीसाठी.

आपल्या भागात गोंधळ जास्त होतो, कारण इथे एकाच छातीत बरंच काही सापडतं. टीबी आहेच. वणी, घुग्गुस, बल्लारपूर, उमरेड या पट्ट्यात कोळशाची धूळ आहे. विडी आहे. बायांच्या छातीत तीस-तीस वर्षं चुलीचा धूर गेलेला आहे. पेट (पीईटी) स्कॅन, म्हणजे शिरेतून औषध देऊन जोमाने चालू असलेल्या पेशी दाखवणारा स्कॅन, कॅन्सरची गाठ चमकवतो तशी टीबीची चालू गाठही चमकवतो, त्यामुळे इथे नुसत्या पेट स्कॅनवर निदान करणं धोक्याचं. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कॅन्सरचं औषध सुरू करता येत नाही, आणि कोणतं औषध लागू पडेल तेही त्या तुकड्यावरूनच ठरतं.

पण छातीत सुई घालण्याआधी तीन गोष्टी झाल्या का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. थुंकीत टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी झाली का? सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. मानेवर किंवा हसळीच्या वर एखादी गाठ हाताला लागते का? आणि छातीत पाणी झालं आहे का? मानेच्या गाठीतून किंवा छातीच्या पाण्यातून निदान झालं तर फुफ्फुसाला हात लावावाच लागत नाही, शिवाय आजार किती पसरला तेही त्यातच कळतं. तुकडा नेहमी सर्वांत सोप्या आणि कमी धोक्याच्या जागेवरून घ्यावा. घाईत हाच नियम विसरला जातो.

हवा गळून फुफ्फुस आकसतं म्हणजे नेमकं काय होतं?

फुफ्फुसावर एक पातळ आवरण असतं आणि छातीच्या पिंजऱ्याला आतून तसंच दुसरं आवरण असतं. दोन्हींमध्ये दोन-तीन चमचे पाण्याचा ओलावा, बाकी काही नाही. सोयाबीनच्या ढिगावर टाकलेल्या दोन पन्न्या पावसात भिजून एकमेकींना चिकटतात, ते आठवा. एकीवर दुसरी सरकते, पण वर ओढून सुटी होत नाही. कोपऱ्यातून हवा शिरली की मात्र क्षणात मोकळी होते. फुफ्फुसाचंही असंच. त्याचा स्वतःचा ताण आत ओढून घेण्याकडे असतो. त्या ओल्या चिकटण्यामुळेच ते छातीच्या भिंतीला धरून फुललेलं राहतं आणि छाती वर उचलली की तिच्याबरोबर ओढलं जातं.

सुई फुफ्फुसाच्या आवरणातून आत जाते तेव्हा तिथे भोक पडतं. बहुतेक वेळा ते आपोआप मिटतं. नाही मिटलं तर श्वासाची हवा त्यातून दोन आवरणांच्या मध्ये शिरते, चिकटलेलं सुटतं आणि फुफ्फुस आतल्या आत आकसतं. यालाच न्यूमोथोरॅक्स म्हणतात. कडेला हवेची बारीक किनार राहिली तर पेशंटला पत्ताही लागत नाही. अर्धं फुफ्फुस आकसलं तर दम लागतो.

भोक झडपेसारखं वागलं, म्हणजे हवा फुफ्फुसातून बाहेर येते पण परत आत जात नाही, तर मात्र प्रसंग गंभीर होतो. दर श्वासाला दाब वाढत जातो, हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरा दाबल्या जातात आणि रक्तदाब कोसळतो. याला टेन्शन न्यूमोथोरॅक्स म्हणतात. तो क्वचित होतो, पण झाला तर मिनिटांच्या आत हवा बाहेर काढावी लागते.

टेबलावर काय करतात

आधी रक्ताच्या तपासण्या होतात. प्लेटलेट 50,000 च्या वर आणि रक्त गोठण्याचा आकडा, म्हणजे आयएनआर, 1.5 पर्यंत असावा, ही सर्वसाधारण अट. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आधीच सांगा. वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेल साधारण 5 दिवस आधी थांबवतात. हृदयात स्टेंट असेल तर मात्र गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. कोणती गोळी, कधीपासून, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरला विचारूनच.

पेशंटला सीटीच्या टेबलावर पालथं, उताणं किंवा कुशीवर झोपवतात. गाठ कुठे आहे त्यावर ते ठरतं. कातडीवर खुणा करून स्कॅन काढतात आणि आत जायचा सर्वांत जवळचा रस्ता आखतात. सुई बरगडीच्या वरच्या कडेला घासून नेतात, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिनी आणि नस असते. लिग्नोकेनच्या इंजेक्शनने जागा बधिर करतात. फुफ्फुसाला स्वतःला दुखत नाही, पण छातीच्या आतल्या आवरणाला फार दुखतं. तिथपर्यंत औषध नीट पोहोचलं नाही तर पेशंट दचकतो आणि नेमक्या त्या क्षणी सुई हलते.

आता बहुतेक ठिकाणी दोन सुयांची पद्धत वापरतात. बाहेरची पोकळ सुई गाठीपर्यंत एकदाच नेतात आणि तिच्या आतून कापणारी दुसरी सुई दोन-चार वेळा आत-बाहेर करतात. तुकडे तीन-चार निघाले तरी आवरणाला भोक एकच पडतं. सुईची जाडी गेजमध्ये मोजतात, आकडा मोठा तितकी सुई बारीक. 18 गेजची सुई साधारण सव्वा मिलिमीटर जाड असते, 20 गेजची एक मिलिमीटरपेक्षा थोडी कमी.

यात पेशंटच्या हातात एकच गोष्ट असते: श्वास. 'श्वास थांबवा' म्हटलं की दर वेळी सारखाच, उथळ श्वास घेऊन थांबायचं. खोल श्वास घेतला तर फुफ्फुसाच्या खालच्या भागातली गाठ एक-दोन सेंटीमीटर, कधी त्याहूनही जास्त खाली सरकते आणि सुईचा नेम चुकतो. आदल्या दिवशी घरच्यांनी पेशंटकडून हे दहा-वीस वेळा करून घ्यावं. म्हाताऱ्या माणसाला कमी ऐकू येत असेल, किंवा घरात माडिया, गोंडी, कोरकू बोलत असतील, तर टेबलावरच्या मराठी-हिंदी सूचना ऐन वेळी कळत नाहीत. श्वास थांबवायची खूण हाताच्या इशाऱ्याने आधीच ठरवून घ्या आणि ती तंत्रज्ञालाही सांगा. खोकला येत असेल तर तेही टेबलावर चढण्याआधी सांगा. सुई आत असताना खोकला आला तर आवरण फाटू शकतं.

किती जणांना होतं, आणि कोणाला जास्त?

जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज केली तर या बायोप्सीनंतर 100 पैकी साधारण 15 ते 25 जणांच्या छातीत थोडी तरी हवा गळते. नळी टाकायची वेळ येते ती 100 पैकी 5-6 जणांवर. म्हणजे हवा गळालेल्यांपैकी बहुतेक जण नळीशिवाय बरे होतात.

सगळ्यांचा धोका सारखा नसतो. सर्वांत जास्त फरक पडतो तो एम्फिसिमाने, म्हणजे विडी-सिगारेटने किंवा धुराने फुफ्फुसातल्या बारीक पिशव्या फाटून मोठ्या पोकळ्या होण्याने. असं फुफ्फुस ढिलं असतं, भोक पटकन मिटत नाही, आणि आधीच दम कमी असल्यामुळे थोडी हवा गळली तरी पेशंट सोसू शकत नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडचा जन्मभर विडी ओढलेला माणूस आणि कधीच न ओढलेली त्याची चुलीपुढे बसणारी बायको, दोघंही या गटात येऊ शकतात. बाईच्या बाबतीत हे विचारायचं राहून जातं, कारण 'धूम्रपान नाही' असं लिहून कागद पुढे सरकतो. चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला, हे आपणहून सांगा.

गाठ 2 सेंटीमीटरपेक्षा लहान असेल, खोल असेल किंवा वाटेत फुफ्फुसाच्या दोन भागांमधली फट लागत असेल, तर धोका वाढतो. फट ओलांडताना आवरणाला जादा भोकं पडतात. उलट, गाठ छातीच्या भिंतीला टेकलेली असेल तर सुई हवा भरलेल्या फुफ्फुसातून जातच नाही आणि धोका अगदी कमी होतो. अशा गाठीची बायोप्सी पुष्कळदा सोनोग्राफीवरही होते.

काही जणांना ही सुई शक्यतो लावत नाहीत: ज्यांचं एक फुफ्फुस काढलेलं किंवा निकामी आहे, ज्यांना खोकला आवरत नाही, ज्यांना पडून राहताच येत नाही. गाठ म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता किंवा पाण्याने भरलेली हायडॅटिड गाठ असल्याची शंका असेल तरीही सुई टाळतात.

"मग दुर्बिणीतून काढा ना, छातीत सुई कशाला?"

हा प्रश्न रास्त आहे आणि सध्या त्याची चर्चाही आहे. 2025 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. 10 ते 30 मिलिमीटरच्या गाठी असलेल्या पेशंटांचे दोन गट केले होते. एका गटात बाहेरून सुई, दुसऱ्यात नेव्हिगेशनल ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेतून दुर्बीण घालून संगणकाच्या नकाशावर गाठीपर्यंत जाणं. निदानाची अचूकता दुर्बिणीत कमी पडली नाही. हवा गळण्याचं प्रमाण मात्र सुईच्या गटात 28.3 टक्के आणि दुर्बिणीच्या गटात 3.3 टक्के निघालं. नळी टाकावी किंवा भरती करावं लागलं ते सुईच्या गटात 11.5 टक्के आणि दुर्बिणीच्या गटात 0.8 टक्के पेशंटांना.

आकडे बोलके आहेत. पण ही यंत्रणा महाग आहे, मोजक्या मोठ्या केंद्रांत आहे आणि ती चालवणारे प्रशिक्षित हातही थोडे आहेत. साध्या दुर्बिणीने कडेची लहान गाठ गाठता येत नाही, ती मोठ्या श्वासनलिकेजवळच्या गाठीसाठी चांगली. म्हणून विदर्भातल्या बहुतेक पेशंटांसाठी आज सीटीवरची सुई हाच रस्ता आहे, आणि तो चांगला रस्ता आहे: कॅन्सर असेल तर 100 पैकी सुमारे 90 वेळा तो यात पकडला जातो. फक्त एम्फिसिमा जास्त असेल आणि गाठ लहान, खोल असेल, तर 'ब्रॉन्कोस्कोपीने होण्यासारखं आहे का?' हे एकदा विचारायला संकोच करू नका.

"सुई लावली का क्यान्सर पसरते म्हणतात"

गावोगाव ऐकू येणारी ही भीती पूर्ण निराधार नाही. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. पण फुफ्फुसाच्या बाबतीत हे प्रमाण दहा हजार पेशंटांत मोजक्या काहींचं आहे. न तपासता सोडलेला कॅन्सर मात्र पसरतोच. बायोप्सीनंतर दोन महिन्यांत पेशंट खंगला की दोष सुईला दिला जातो. तो आजार बहुधा सुई लागण्याआधीच पुढे गेलेला असतो.

याच्या जोडीचा दुसरा आरोप म्हणजे 'डॉक्टरनं फुफ्फुस फोडलं'. हवा अनुभवी हातांकडूनही गळते. डॉक्टर आणि हॉस्पिटल जोखायचं असेल तर नंतर लक्ष किती ठेवलं यावर जोखा: एक्स-रे काढला का, कधी काढला, रात्री नळी टाकू शकणारं माणूस हजर होतं का.

सुई निघाल्यानंतरचे चार तास

सुई बाहेर काढताना काही डॉक्टर तिच्या वाटेत पेशंटचंच गोठलेलं रक्त थोडंसं सोडतात, काही सलाइनचे दोन-तीन मिलिलिटर सोडतात. दोन्हींचा हेतू भोक बुजवण्याचा. त्यानंतर पेशंटला सुई लावलेली बाजू खाली येईल असं झोपवतात. पाठीतून सुई घातली असेल तर उताणं, पुढून घातली असेल तर पालथं. शरीराच्या भाराने तो भाग दाबला जातो आणि भोक मिटायला मदत होते. एक-दोन तास असंच राहायचं. या वेळात उठून बसणं, फोनवर बोलणं, खोकणं, लघवीला चालत जाणं टाळा. भेटायला आलेल्या मंडळींना बाहेर थांबवण्याचं काम एका माणसाकडे द्या.

हवा गळायची असेल तर बहुधा टेबलावरच किंवा पहिल्या तासात गळते. म्हणून एक तासाने आणि पुन्हा तीन-चार तासांनी छातीचा एक्स-रे काढतात, शक्य असेल तर बसवून किंवा उभं करून, कारण आडव्या एक्स-रेमध्ये थोडी हवा लपून राहते. दुसरा एक्स-रे न काढता सुट्टी मिळत असेल तर घेऊ नका, नम्रपणे पण ठामपणे मागून घ्या.

हवेची किनार 2 सेंटीमीटरपेक्षा कमी असेल आणि दम लागत नसेल तर नुसतं ऑक्सिजनवर ठेवून बघतात. शरीर ती हवा स्वतःच शोषून घेतं, पण दिवसाला दीड-दोन टक्के इतक्या धिम्या गतीने. ऑक्सिजन दिल्याने हा वेग तिप्पट-चौपट होतो, कारण रक्तातला नायट्रोजन कमी झाला की अडकलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात ओढला जातो. पेशंटला दम लागत नसताना ऑक्सिजन का लावला, असं नातेवाईक विचारतात. त्याचं उत्तर हे.

पहिली रात्र कुठे काढायची

चार तासांनंतरचा एक्स-रे साफ आला तरी थोड्या जणांच्या छातीत नंतर, त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशीही हवा गळते. शहरातला पेशंट असेल तर अर्ध्या तासात परत येतो. भामरागडचा कसा येणार? गडचिरोलीहून नागपूरच सुमारे 170 किलोमीटर, भामरागड त्याच्याही कितीतरी पुढे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. धारणीहून अमरावतीला यायचं तर मेळघाटचा घाट. म्हणून बायोप्सीची वेळ सकाळचीच मागा, शुक्रवार-शनिवार शक्यतो टाळा आणि ती रात्र हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या आत काढा. वॉर्डात भरती राहता आलं तर उत्तम, नाहीतर धर्मशाळा, नातेवाइकाचं घर, काहीही चालेल, पण पेशंट एकटा नको. एम्फिसिमा असलेल्याने आणि एक्स-रेमध्ये थोडीही हवा दिसलेल्याने वॉर्डातच राहावं. एका रात्रीचा खर्च आणि बुडालेली मजुरी लोकांना जड जाते हे खरं, तरी या तपासणीत पैसे वाचवायची जागा ही नव्हे.

सुट्टी घेताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: कोणत्या बाजूला सुई लावली, शेवटचा एक्स-रे किती वाजता काढला, आणि त्या वेळी बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन किती होता. शेवटचा आकडा महत्त्वाचा, कारण जुना दमेकरी एरवीही 91-92 वर असू शकतो. त्याच्यासाठी 91 हा धोका नाही, पण 97 वरून 91 वर आलेल्यासाठी आहे. कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर पुष्कळ घरांत पडलेला आहे, नसला तर आशाताईंकडे विचारा. सेल बदलून घ्या आणि बोटावर मेंदी किंवा नेलपॉलिश नको.

लगेच निघायचं ते केव्हा? श्वास घेताना छातीत किंवा खांद्यात अचानक टोचायला लागलं, दम वाढत चालला, ऑक्सिजन आधीच्या आकड्यापेक्षा 3-4 ने उतरला, किंवा गळ्या-छातीवर सूज येऊन दाबल्यावर कातडीखाली कुरकुर लागली तर. ओठ निळे, घाम, नाडी फार जलद, पेशंट घाबराघुबरा झाला, तर एक मिनिटही थांबू नका. थुंकीतून एक-दोन दिवस रक्ताची रेघ येणं चालतं. चमचा-दोन चमचे ताजं रक्त पडलं तर परत जायचं.

108 ला फोन करताना 'छातीत दुखतंय' एवढंच सांगू नका. 'फुफ्फुसाची सुईची बायोप्सी झाली आहे, न्यूमोथोरॅक्सची शंका आहे' हे वाक्य बोला. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात तर तो कागद पुढे करा. नाहीतर दमा समजून नेब्युलायझर देतात, तेवढ्यापुरतं बरं वाटल्यासारखं होतं आणि पेशंट घरी येतो. पीएचसीत एक्स-रे सहसा नसतो, त्यामुळे एक्स-रे असलेल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाकडे जा. ते कोणतं, रात्री चालू असतं का, याची चौकशी बायोप्सीच्या आधीच करून ठेवा.

नळी टाकली तर: बाटलीचे नियम

हवा जास्त असेल किंवा दम लागत असेल तर आधी बारीक सुईने ओढून काढून बघतात. तेवढ्याने भागलं नाही तर बरगड्यांमधून नळी टाकतात. हल्ली बहुधा बारीक, टोकाला वळलेली पिगटेल नळी असते. जागा बधिर करूनच टाकतात. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्याखाली साधारण 2 सेंटीमीटर बुडालेलं असतं. छातीतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि पाण्यामुळे परत आत जाऊ शकत नाही.

वॉर्डात बाटली उचलून पेशंटला एक्स-रेला नेणारा बहुधा नातेवाईकच असतो, म्हणून हे त्याच्यासाठी. बाटली कायम छातीच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर धरा. पेशंटच्या पोटावर किंवा स्ट्रेचरवर त्याच्या शेजारी ठेवली आणि ती छातीच्या वर गेली तर पाणी उलटं छातीत जाऊ शकतं. बाटली आडवी झाली तर टोक पाण्याबाहेर येतं. बुडबुडे येत असताना नळी चिमट्याने बंद करू नका, अँब्युलन्समध्ये तर मुळीच नाही. हवा कोंडून तोच टेन्शन न्यूमोथोरॅक्स होतो. नळी पेशंटच्या कुशीखाली दबली किंवा पलंगाच्या कडेला मुडपली तरी परिणाम तोच, म्हणून रात्री दोनदा बघा. जोड सुटलाच तर नळीचं टोक लगेच स्वच्छ पाण्यात बुडवून धरा आणि सिस्टरना हाक मारा.

श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली होत असेल तर नळी मोकळी आहे. खोकल्यावर बुडबुडे येतात म्हणजे भोक अजून उघडं आहे. बुडबुडे थांबले आणि एक्स-रेमध्ये फुफ्फुस पूर्ण फुललेलं दिसलं की नळी काढतात, सहसा एक ते तीन दिवसांत.

कामावर कधी जायचं?

काही गळालं नसेल तर घरातली हलकी कामं दुसऱ्या दिवसापासून चालतात. आठवडाभर ओझं उचलायचं नाही. भरलेला फवारणी पंप 20 किलोच्या आसपास जातो, कापसाचं गाठोडं, पोती, पाण्याच्या गुंड्या, हे सगळं त्यात आलं. फुंकणीने चूल फुंकू नका, जोर लावावा लागू नये म्हणून शौच साफ ठेवा. हवा गळाली असेल तर एक्स-रे साफ झाल्यावरच, डॉक्टरांना विचारून. विमानाचा प्रवास असेल तर एक्स-रे साफ झाल्यावर किमान एक आठवडा थांबा, कारण उंचीवर अडकलेली हवा जवळपास एक तृतीयांशाने फुगते.

तुकडा कोणत्या डबीत गेला?

इतकं सोसून काढलेला तुकडा वाया जाऊ नये. कॅन्सरच्या तपासणीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या औषधात, जातो. पण टीबीच्या कल्चरसाठी (जंतू वाढवून बघण्यासाठी) आणि सीबीनॅटसाठीचा तुकडा साध्या सलाइनमध्येच जायला हवा, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर होत नाही. आपल्याकडे टीबी इतका असताना दोन्ही डब्या टेबलाशेजारी तयार हव्यात. सुई लावण्याआधीच विचारा: 'टीबीसाठी वेगळा तुकडा पाठवणार का?' सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये गेले आणि कॅन्सर निघाला नाही, तर पुन्हा सुई लावायची वेळ येऊ शकते.

रिपोर्टमध्ये 'कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत' असं आलं म्हणजे कॅन्सर नाही असं नेहमीच नसतं. टीबी, बुरशी असं काही ठोस निदान लिहिलेलं असेल तर ठीक. नुसतं 'सूज' किंवा 'तुकडा अपुरा' लिहिलं असेल तर गाठ अजून ओळखली गेलेली नाही. मग डॉक्टर दुसरी बायोप्सी सुचवतील किंवा दोन-तीन महिन्यांनी सीटी. पहिल्या वेळी हवा गळाली होती म्हणून दुसरी करता येत नाही असं नाही. फुफ्फुस पूर्ण फुलल्यावर, वेगळ्या वाटेने, ती करता येते. पहिल्या वेळचे एक्स-रे आणि सीटीची सीडी सोबत घेऊन जा, सुईची नवी वाट त्यावरूनच आखतात.